मरून पासपोर्टवाली लेक

आमच्या गावात त्या काळी एकाही घरात पासपोर्ट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की गावातला जो तो विमानातूनच उतरला होता. तसं काही नाही हो. भडगावहून गिरणेच्या काठानं आत गेलं की आमचं गाव. माणूस लांब गेला तर पारोळ्याच्या बाजाराला, फार झालं तर जळगावला दवाखान्यात. आणि तरी एका उन्हाळ्यात आमच्या गावानं पासपोर्टच्या रंगावर निवडणूक लढवली. त्या निवडणुकीत उमेदवार मी होते.

ग्रामपंचायतीत बायकांच्या राखीव जागा तेव्हा नव्यानं आल्या होत्या. आमच्या वॉर्डाची जागा बाईची निघाली. मग पुरुषांनी आपापल्या घरात नजर फिरवली आणि आमच्या घरात ती माझ्यावर येऊन थांबली. मी शाळा फारशी पाहिलेली नाही. वाचायला शिकले ते किराणा बांधून आलेल्या पेपरच्या तुकड्यांवर आणि नणंदेच्या जुन्या पुस्तकांवर. आमचे हे धुळ्याच्या डेपोत ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी टेकायचे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, शेताशिवाय कशात रस नाही. राजकारणाची सगळी हौस माझ्या धाकट्या दिराला. तो म्हणाला, "वयनी, तुमी फक्त हात जोडीसन उभ्या ऱ्हा. बोलनं मनावर सोडा." मी हात जोडले.

माझ्यासमोर उभी होती खालच्या आळीतली एक बाई. तिचा नवरा जळगावला कोर्टात कारकून, शनिवारी गावी यायचा. आमची वरची आळी, त्यांची खालची, मध्ये नाला. बाईशी माझं वाकडं काही नव्हतं. उलट ती माझ्या नणंदेची लहानपणची मैत्रीण.

आता नणंदेचं सांगते. ती ह्यांच्याहून मोठी, म्हणून सगळे तिला अक्का म्हणायचे. गावातली पहिली मुलगी जी धुळ्याला नर्सिंग शिकली. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा ती सुट्टीत घरी यायची, आणि मी भाकरी थापताना परातीत पिठावर बोटानं अक्षरं काढून दाखवायची. पुढं लग्न झालं, नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली, तिथल्या दवाखान्यात लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायला घरातला माणूस पाठवायचा, त्याला आम्ही मूळ म्हणतो. अक्का धुळ्याला होती तोवर आबांनी एक आखाजी चुकवली नाही, दरवर्षी मूळ गेलं. इंग्लंडला मूळ कोण धाडणार? मग कितीतरी आखाज्या अशाच गेल्या. आबा त्या दिवशी सांजोरीचा पहिला तुकडा मोडून ताटातच ठेवून द्यायचे. कुणी विचारायचं नाही, कशासाठी.

आणि नेमकी त्या निवडणुकीच्या साली अक्का आली. मतदान आखाजीनंतर लगेच होतं. दीर मुंबईला विमानतळावर गेला, म्हणाला, "मी मूळ म्हनीसन जास." आबांनी त्याला नवा टॉवेल दिला खांद्यावर टाकायला.

अक्का आली त्या दुपारी ती प्रवासानं दमून माजघरात झोपली. दिरानं तिच्या पिशवीतून पासपोर्ट काढला आणि ओट्यावर घेऊन बसला. हा दीर एकदा आखातात जायच्या नादात धुळ्याच्या स्टँडजवळच्या एका एजंटाकडे महिनोन्‌महिने चकरा मारून आलेला. त्याचं जाणं झालं नाही, पण पासपोर्टचं ज्ञान मात्र घेऊन आला.

"निळा बठ्ठास्ना," तो म्हणाला. "पांढरा सरकारी कामवालास्ना. नि मरून? मरून फक्त राजदूतना! अक्काले मरून भेटेल शे, देखा!"

ओट्यावर माणसं जमली. पासपोर्ट मरून होता, खोटं नव्हतं. वर सोनेरी छाप. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, म्हणून सगळे चित्रच बघत होते.

"सिंह शे," एकजण म्हणाला.

"घोडा बी शे."

नाण्यावर सिंहाच्या खाली घोडा आणि बैल असतो, हे आमच्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून लगेच प्रश्न आला, "मंग बैल कोठे शे?"

बराच वेळ बैल शोधला. शेवटी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या नानांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "अरे, घोडाले शिंग शे ना! बैल नि घोडा एकमांच करी टाका. राजदूतनं काम म्हनजे तसंच ऱ्हास."

हे सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं, हसू नका. मी आतून हळदीकुंकू आणलं आणि त्या शिंगवाल्या घोड्याला लावलं. आबांनी पासपोर्ट दोन्ही हातांत घेतला, सिंहाला कपाळ टेकवलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसून परत दिला. माझं कुंकूही त्यात पुसलं गेलं.

शनिवारी मारुतीच्या पारावर आमची सभा. मी स्टेजवर खुर्चीत, डोक्यावर पदर, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांच्या वर बसलेली. अक्का घरी सांजोऱ्या करत होती. तिला सभेचं माहीत होतं, दिराच्या भाषणाचं नव्हतं. आणि पिशवीत पासपोर्ट नाही, हेही नव्हतं.

दिरानं माईक धरला. मरून पासपोर्ट वर केला. "समोरलास्ना घरमां काय शे? रेशनकार्ड! आमना घरमां देखा! देशनी इज्जत शे ही! ज्या घरनी लेक राजदूतना रंग लिसन फिरस, त्या घरनी सून गावना कारभार करी का नही?"

टाळ्या पडल्या. खालच्या आळीचा कारकून पारालाच टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आम्हालाही दर्शन घेऊ द्या की." दिरानं मोठ्या मनानं पासपोर्ट खाली दिला. नको म्हणायला त्याच्याकडे कारण तरी काय होतं!

कारकुनानं तो दिव्याखाली धरला. वरचं इंग्रजी मनात वाचलं, आतलं पान उघडलं, मिटलं. मग माईक मागितला नाही, नुसत्या आवाजातच बोलला. कोर्टातला माणूस, आवाज चांगला खणखणीत.

"मंडळी, हा राजदूताचा नाही. हा इंग्लंडचा आहे. वरचं चिन्ह तिथल्या राणीचं. यांची बहीण आपल्या देशाची नागरिक राहिलेली नाही."

मग कुठून तरी आवाज आला, "इंग्रज गयात, नि याना घरमां परत उनात!" दुसरा म्हणाला, "निवडी द्या वयनीले! गावले राणी भेटी!" माणसं हसता हसता खाली बसली. मी पदर पुढं ओढला. इतका ओढला की मला माझेच गुडघे फक्त दिसत होते.

लाऊडस्पीकरवरचं दिराचं भाषण घरापर्यंत गेलंच होतं. अक्का आली ती हाताला पीठ तशीच. दीर तिच्याकडे धावला, "अक्का, सांग ना तू! सांग, हाऊ खोटं बोली ऱ्हायना!"

अक्कानं पासपोर्ट कारकुनाच्या हातून घेतला. पिठाची बोटं मरून रंगावर उमटली. ती म्हणाली, "खरं आहे ते. इंग्लंडचाच आहे. नोकरी पक्की व्हायला घेतला, पोरांच्या शिक्षणासाठी घेतला. आबांना सांगणार होते, आखाजी झाल्यावर."

मी स्टेजवर होते आणि ती खाली. पदराच्या आडून मला एवढंच वाटत होतं की हिनं आता घरी जावं. माझ्या मनात तेव्हा अक्काची कीव नव्हती, मला माझीच लाज वाटत होती. ही एक गोष्ट मी आजवर कुणाला बोलून दाखवली नाही, पण लिहायला बसलं की लपवता येत नाही.

घरी आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते विचारतच राहिले, हळूहळू, जसं एखादं बी कुठून आलं ते माणूस विचारतो.

"मंग तू आठे उनी कशी?"

"व्हिसा काढा, आबा."

"ते काय ऱ्हास?"

"आपला सरकारनी परवानगी."

"कशानी?"

"आठे येवानी."

"मना घरमां येवानी?"

आबांनी पायातली काडी काढली, टाकली. "मंग मूळ कोन धाडस, पोरी? मी का सरकार?"

त्यानंतर ते उठून गोठ्यात गेले. अक्कानं वाढलेलं ताट तसंच राहिलं. मी नंतर नेऊन दिलं, तर माझ्या हातचं जेवले. त्या जेवणाचीही मला लाज वाटली.

सकाळी उठून बघतो तर खालच्या आळीनं भिंती रंगवलेल्या. नीळ कालवून लिहिलं होतं, "निळा आमचा." आणि शेजारी कावेनं, "लाल त्यांचा." आमच्या दिरानं लगेच नीळ आणायला माणूस पिटाळला, की आपणही निळंच लिहू. बौद्ध वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ रस्त्यानं चालले होते. त्यांनी भिंत वाचली, दिराकडे पाहिलं.

"निळा कवयपासून तुमना व्हयना, भाऊ? आमना वस्तीवर निळा झेंडा लागस, तवय तं तुमी वाट बदलतस."

दीर हसला, उगाच मान हलवली. म्हातारे हसले नाहीत. पासपोर्ट कुणाकडे नाही, तो कधी कुणी काढणार नाही, आणि सगळं गाव निळ्या रंगाचं मालक होऊन बसलं होतं.

दुपारी पॅनलची माणसं आमच्या ओसरीवर जमली. मी चहा नेला आणि दाराशीच उभी राहिले. त्यांनी तोड काढली होती. दिरानंच ती अक्काला सांगितली, लाडीगोडीनं. "अक्का, जाळी टाक ती चोपडी. स्टेजवर, बठ्ठास्ना समोर. धुळाना एजंट मना वळखना शे. तुले नवा निळा काढी देसू."

तो खरंच मनापासून बोलत होता. त्याला वाटत होतं, दुकानातून साडी बदलून आणतात तसं हे असतं.

अक्का म्हणाली, "नि तठे मना पोरे शेत, त्यास्नाकडे मी कशी जाऊ? चालत?"

पॅनलचे प्रमुख घसा खाकरून म्हणाले, "बरं, जाळू नका. पण आखाजीला तिला नाल्यावर पाठवू नका. आणि वहिनी, तुम्ही तिथं गाळी देऊ नका. खालच्या आळीतही आपली मतं आहेत."

हे नाल्याचं तुम्हाला सांगायला हवं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि आमच्या गावात दोन्ही आळींच्या बायका नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. त्यांना गाळी म्हणतात. सासू, नवरा, दीर, कुणाला सोडायचं नाही. त्या दिवशी राग धरायचा नाही. आणि रीत अशी, की माहेरवाशिणीवर गाळ आली तर पहिलं उत्तर तिच्या भावजयीनं द्यायचं. लेक माहेरी पाहुणी, तिच्यासाठी घरानं तोंड उघडायचं.

अक्काला कुणी थांबवलं नाही. तिला थांबवणार तरी कोण? आखाजीच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर निघाली. वाटेत म्हणाली, "अगं, मला कितीतरी गाळी आठवतात अजून. रात्रपाळीला वॉर्डात एकटी असले की मनात म्हणते. तिकडच्या नर्सबायांना वाटतं, देवाचं म्हणतेय."

नाल्याला पाणी नव्हतं, नुसती वाळू. पलीकडे सगळ्या जमलेल्या, मधोमध माझी विरोधक, कमरेला पदर खोचून. तिनंच सुरुवात केली, आणि टाळ्यांवर सगळ्यांनी उचलून धरली:

"आखाजीले उनी बाई इलायतनी,
न घरनी, न घाटनी, न आपला गावनी!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्यांनीही. उत्तर माझं होतं. आणि माझ्या घशात शब्द होते, शपथेवर सांगते. मी गाळीत काही कमी नव्हते. पण मला पलीकडे एकेक चेहरा दिसत होता, आणि प्रत्येक चेहऱ्यावर मला मत दिसत होतं. ही देईल, ही देणार नाही, हिला राग आला तर हिच्या घरातलंही कुणी देणार नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं पाहून आमच्या आळीच्या साऱ्या बायका गप्प राहिल्या. पलीकडच्या टाळ्याही थांबल्या. त्यांनाही कळेना, हे काय झालं. आखाजीला असं कधी होत नाही.

तेव्हा अक्काच पुढं झाली. वाळूत उतरली, दोन्ही हात कमरेवर घेतले:

"चोपडी मनी लाल शे बाई, तुना दादलाना डोया लाल,
दारू पीसन उना घर, चुल्हामां पडना खुशाल!"

कोर्टातला कारकून दारूचा थेंब घेत नाही हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून तर जास्त हशा झाला. विरोधक बाई हसून हसून खाली बसली, उठली, आणि नाला ओलांडून धावत आली. "मेली!" ती अक्काच्या पाठीत धपाटा मारून म्हणाली. "इतला सालम्हा एक बी गाळ नही भुलनी! मले वाटनं, मडम व्हयनी तू!" आणि तिला हाताला धरून पलीकडे घेऊन गेली. त्यांच्या आळीच्या निंबाला झोका होता. अक्का त्यावर उभी राहिली, दोघी समोरासमोर, आणि झोका असा चढला की तिचं लुगडं पानांना लागत होतं.

ज्यांनी भिंतींवर लाल लिहिलं त्यांच्याच बायकांनी तिला झोका दिला. आम्ही अलीकडच्या काठावर उभ्या होतो. माझ्याजवळची एक म्हातारी मला म्हणाली, "शिवी आपला माणूसलेच देतस, पोरी. तू तं तिनाकरता शिवी देवाना बी लायकीनी नही ठेवं." तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही. मी अजून ते ऐकते.

मी निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. मला दोघीतिघींनी सांगितलं, अक्काच्या त्या गाळीवर मतं पडली, खालच्या आळीचीसुद्धा. गुलाल मात्र माझ्या डोक्यावर पडला. त्याच आठवड्यात अक्का गेली. मी ओटी भरली. तांदूळ घालताना मला वाटत होतं, तिनं मला काहीतरी टोचून बोलावं. ती एवढंच म्हणाली, "मेंबर झालीस आता. बोलत जा." आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण फाटकापर्यंत आले नाहीत.

पुढच्या आखाजीच्या आधी दिरानं भडगावच्या एसटीडी बूथवरून तिला फोन लावला. अक्का म्हणाली, सुट्टी नाही. नुसतं एवढंच. दिरानं घरी येऊन तसंच सांगितलं. मला माहीत होतं, ही सुट्टीची गोष्ट नाही. आबांनी मात्र दुसराच अर्थ लावला. त्यांना वाटलं, सरकारनं परवानगी दिली नाही.

त्यानंतर पंचायतीची मासिक सभा होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, बाकी सगळे पुरुष. दारात आबा उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, जसे ते फक्त कोर्टकचेरीला जाताना बांधायचे. मी उठले, पदर घेतला. सासरे आले की सून उभी राहते. पण आबा म्हणाले, "बसा, बसा." मला म्हणाले, बसा! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं, तेही चारचौघांत.

"मेंबरबाई, मना एक काम शे. पंचायतना दाखला पाह्यजे. मनी लेक या गावनी शे, असा. खाली तुमनी सही, पंचायतना शिक्का. ती तठे सरकारले दाखाडी, म्हनजे तिले येवाले कोनी अडावाव नही."

ग्रामसेवक आधी हसायला लागले, मग माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, "आबा, तसा दाखला नसतो. त्या आता परदेशी नागरिक. पंचायत कशी लिहून देईल?" ज्या पॅनलप्रमुखांनी अक्काला नाल्यावर पाठवू नका म्हटलं होतं, ते खिडकीबाहेर बघत होते. माझा दीर दारामागे उभा होता, तो आत आला नाही.

आबा माझ्याकडेच बघत होते. त्यांना खरंच वाटत होतं की हे माझ्या हातात आहे. सून मेंबर झाली, म्हणजे एवढं तर करेल.

मला सांगता आलं असतं की आबा, अडवणारं सरकार नाही. मला सांगता आलं असतं, की ती का येत नाही ते मला ठाऊक आहे. सगळ्या पुरुषांसमोर ते तोंडून फुटेना. मी हळूच म्हणाले, "आबा, घरी जाऊन बोलू ना."

आबांनी फेटा सारखा केला. "घरमां तं ती लेकच शे," ते म्हणाले. "मी गावनं इचारस."